बाळाचा श्वास कोणी मोजावा?

डहाणू-तलासरीचा इतिहास म्हटला की १९४५ चा वारल्यांचा उठाव आणि गोदावरी परुळेकर यांचे नाव मनात येते, व ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्षी बोर्डीस ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम मांडले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतूनच देशभर रूढ झाला. शाळेमागोमाग वैद्यकही अंगणात कसे गेले, आणि कोठे अडले, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

तान्ह्या मुलाच्या फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका विषाणूमुळे सुजतात, त्या आजारास डॉक्टर ब्राँकिओलायटिस म्हणतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध सुमारे सोळापट होतो. बाळाच्या फासळ्या मऊ. म्हणून श्वास ओढताना छातीखाली खळगा पडतो, नाकपुड्या फुलतात, दूध ओढण्यास दम उरत नाही. याचे प्रमुख कारण असलेला आर.एस.व्ही. हा विषाणू १९५६ साली प्रथम चिंपांझींत सापडला, आणि लगेच पुढे रॉबर्ट चॅनॉक यांनी तो बाल्टिमोरच्या मुलांत ओळखला. खळगा मात्र आयांना पिढ्यान्‌पिढ्या दिसतच होता. कोणी त्यास डबा म्हणे, कोणी पोट उडते म्हणे. पाहणारा डोळा चुकला नव्हता. चुकत होता तो उपाय. मेळघाटात पोट फुगले, श्वास लागला की तापल्या विळ्याने पोटावर चटके देतात. त्यास डंबा म्हणतात. ही चाल अलीकडेही पुरती मोडलेली नाही.

त्याच डोळ्याला शास्त्राने मान दिला तो पापुआ न्यू गिनीत. फ्रँक शान यांनी १९८४ साली मांडले की, क्ष-किरण यंत्र नसले तरी श्वासांची गती आणि छातीचा खळगा पाहून उपचार ठरविता येतो. दोन महिन्यांखालील बाळास मिनिटाला साठ, वर्षाच्या आतील मुलास पन्नास, ही मर्यादा पुढे जगाने स्वीकारली. पण निरक्षर सुईणीने साठ मोजावे कसे? गडचिरोलीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन केले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्यांच्या प्रयोगात गावच्याच कार्यकर्त्यांनी औषध दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: पाच वर्षांखालील हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इतरत्र १७.५, प्रयोगाच्या गावांत ८.१. आम्हांस यात कोसबाडच्या विचाराचीच जात दिसते, मग कोणी कोणाकडून घेतला असो वा नसो.

मात्र येथेच एक अडचण आहे, आणि ती मण्यांनी सुटत नाही. श्वास जलद आहे एवढे मणी सांगतात. न्यूमोनिया की ब्राँकिओलायटिस, हे सांगत नाहीत. पहिल्यास बहुधा प्रतिजैविक लागू पडते. दुसऱ्यावर त्याचा उपयोग नाही. तेथे कामास येतो तो प्राणवायू, मोकळे केलेले नाक आणि थोडे थोडे, प्रसंगी नळीने, पाजलेले दूध. गोळी पाड्यावर पोचविणे सोपे, प्राणवायू पोचविणे कठीण. मेळघाटातील २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा विषाणू तेथील खेड्यांतही असल्याचे दाखविले. आज डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आशा कार्यकर्ती आहे. खळगा दिसताच तिने बाळास कासा, तलासरी किंवा डहाणूच्या रुग्णालयाकडे धाडावयाचे असते. त्या वाटेवर आईने बाळाचे डोके किंचित उंच धरावे, नाक पुसत राहावे, आणि धाप फार असेल तर बळेच पाजू नये.