पंख्याच्या पात्यावरची नावे

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात जरा थांबले, तर गावाचा जमाखर्च भिंतींवरच वाचायला मिळतो. खोलीच्या दारावर कुणाच्या तरी आईवडिलांच्या स्मरणार्थ लावलेली संगमरवरी पाटी, पाण्याच्या टाकीवर देणाऱ्याचे नाव आणि साल, लोखंडी कपाटावर तेलरंगात तरुण मंडळाचे नाव. छताच्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावे असतात. ती वाचायची तर पंखा बंद हवा, आणि वीजबिल थकल्यामुळे तो बंद सापडणे फारसे अवघड नसते. या सगळ्याला सरकारी कागदात ‘लोकसहभाग’ म्हणतात, गावात ‘लोकवर्गणी’. त्यामागची नेहमीची समजूत अशी की शाळा सरकारची, आणि तिला चार भल्या माणसांनी वरून हातभार लावला. सोलापूरचा इतिहास पाहिला तर ही समजूत उलटी करावी लागते. गावाने शाळेला जे दिले त्याला दान म्हणण्यापेक्षा दुसरा हप्ता म्हणणे बरोबर ठरेल. पहिला त्याने कराच्या रूपाने आधीच भरलेला होता. दोनदा पैसे मोजणाऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क असतो. हा हक्क जिथे मिळाला तिथे शाळेची सेवा टिकली. जिथे नुसता गौरव पदरात पडला, तिथे त्या सेवेची वेठ झाली.

इंग्रजांनी 1818 मध्ये सोलापूरचा किल्ला घेतला तेव्हा या मुलखात शाळा होत्या त्या पंतोजींच्या. देवळाची ओवरी किंवा एखाद्या वाड्याची पडवी, धूळपाटी, पाढे, मोडीची अक्षरे. पंतोजीला पालकांकडून दाणे आणि सणासुदीला शिधा. पुढे सरकारी शाळा निघू लागल्या, पण त्यांचा खर्च सरकारने स्वतःच्या खिशातून केला असे समजायचे कारण नाही. 1860 च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ बसवण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळवला गेला. ज्वारीच्या पट्ट्यातला कुणबी म्हणजे आपले पोर शाळेत जावो न जावो, शाळेचे पैसे भरतच होता. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनाचे मर्म हेच होते: रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि रयतेची मुले प्राथमिक शाळेवाचून राहतात. त्यांनी सरकारकडे दया मागितली नव्हती; वसूल केलेल्या रकमेचा हिशेब मागितला होता.

यावर कुणी म्हणेल की लोकांनी अंग मोडून सार्वजनिक काम करणे ही तर इथली जुनी रीत आहे, तिला कराच्या पावतीशी का जोडायचे? रीत जुनी आहे हे खरेच. सोलापूरचे जुने नाव सोन्नलगी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी अनुयायांना हाताशी धरून इथला तलाव खोदला, अशी परंपरा सांगते. सिद्धरामेश्वर ज्यांच्यातले एक, त्या लिंगायत संतांच्या म्हणजे शरणांच्या विचारात ‘कायक’ आणि ‘दासोह’ हे दोन शब्द जोडीने येतात: काम हीच पूजा, आणि कमावलेले समाजासाठी वाटून टाकायचे. श्रमदान हा शब्द आपण गांधीयुगाशी जोडतो, पण सोलापूरकर दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत ज्या तलावाकाठी गर्दी करतात, त्याची आख्यायिकाच श्रमदानाची आहे. मात्र या रीतीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. पाणवठा गावाने खोदला तरी त्यावर गावातल्या सगळ्यांना पाणी भरता येई असे नव्हते. ओवरीतल्या शाळेचेही तेच. देऊळ गावाचे, ओवरी गावाची, पण महार-मांगांच्या मुलांना त्या पायरीवर पाय ठेवण्याची सोय नव्हती. समाज स्वतःहून शाळा चालवतो असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा तो समाज म्हणजे नेमके कोण, हे आधी विचारावे लागते.

हा प्रश्न सोलापुरात फार लवकर विचारला गेला, आणि माझ्या मते या शहराच्या शैक्षणिक इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे. डॉ. आंबेडकरांनी जुलै 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 4 जानेवारी 1925 रोजी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. ते हायस्कुलात जाणाऱ्या मुलांसाठी होते, प्राथमिक शाळेसाठी नव्हे. पण प्राथमिक शाळा कशीबशी संपवलेला मुलगा पुढे गळतो कुठे, हे ज्याला कळले होते त्याचीच ही योजना. जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांची तजवीज सभेची होती. मदतीला सोलापूर नगरपालिकेचे महिना 40 रुपये अनुदान होते. रक्कम लहान आहे, पण ती आली कुठून ते पाहा. दलित वस्तीतली माणसेही शहराचे कर भरत होती. त्या करांतले 40 रुपये त्यांच्या मुलांच्या ताटापर्यंत परत आले ते स्वयंसेवी संस्थेने मध्ये उभे राहून आणले म्हणून. स्वयंसेवेचे खरे काम हे असते. तिने सरकारची जागा घेतली नाही, सरकारला जागेवर आणले. या जिल्ह्यातलेच दुसरे उदाहरण पंढरपूरचे. गाडगेबाबांनी लोकांच्या पैपैशातून चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 मध्ये ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देणाऱ्याने वास्तूबरोबर अधिकारही दिला.

शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी प्राथमिक शिक्षणासाठी हीच वाट मोठी केली. 1937 मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि खेड्यांत खासगी प्रयत्नातून निघणाऱ्या शाळांना अनुदान देण्याचे धोरण पुढे आले. रयत शिक्षण संस्थेने अशा 578 शाळा काढल्या. लोक त्यांना सरळ ‘व्हॉलंटरी शाळा’ म्हणत. इंग्रजी न येणाऱ्या खेड्यांनीही हा शब्द पचवला. जागा गावाची, मास्तर तुटपुंज्या पैशावर. बार्शीत मामासाहेब जगदाळ्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी बोर्डिंग चालवले ते याच मुशीतले. या शाळांचा गौरव करताना एक गोष्ट सहसा सुटते. सरकारला हे धोरण सोयीचे होते, कारण ते स्वस्त पडत होते. आणि भाऊरावांनीही त्या शाळा कायम स्वयंसेवेवर चालाव्यात असा हट्ट धरला नाही. स्वातंत्र्यानंतर त्या सरकारी यंत्रणेकडे गेल्या. गाव आधी शाळा काढून दाखवील आणि मग सरकारने ती पेलायची, असा तो क्रम होता.

1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची जबाबदारी सरकारने अंगावर घेतली, 1952 च्या 2 ऑक्टोबरला समुदाय विकास योजना सुरू झाली, आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या. या काळात क्रम पालटला. आता गावाने आपला वाटा आधी भरावा, श्रमदान करावे, मग खोली मंजूर व्हावी. वरवर हे न्याय्य दिसते. पण सोलापूर जिल्हा एकसारखा नाही. माळशिरसला नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी, तिथे ऊस आणि हाती रोकड; सांगोला-मंगळवेढा पावसाच्या भरवशावर, ज्वारी आली तर आली, नाही तर माणसे कामाला बाहेरगावी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या गावाकडे लोकवाटा मागायचा म्हणजे दुष्काळी कामावर मिळालेली मजुरी परत मागायची. ज्या गावाला शाळेची गरज जास्त, त्याच गावाची देण्याची ऐपत कमी. लोकवर्गणीला ही दरी भरता येत नाही, उलट ती रुंदावते. 2015 नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या भरात वर्गण्यांतून शाळा ‘डिजिटल’ झाल्या, तेव्हाही हेच झाले. टीव्ही लोकांनी दिला, पण महिन्याच्या वीजबिलाला देणगीदार मिळत नाही. पाटी लावायला बिलावर जागा नसते ना!

इतका हिशेबी विचार केला तर माणसांच्या आपुलकीला काही किंमतच उरत नाही, असा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. हे कुठल्या पावतीत बसते? कुठल्याच नाही. पण त्यांचे पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचे काम एका वस्तीपुरते न राहता राज्यभर गेले, ते शासनाच्या पुस्तकांत छापले गेले म्हणून. एकाच्या निष्ठेला यंत्रणेची जोड मिळाली. दुसरा आक्षेप असा की देणाऱ्याला अधिकार दिला तर शाळा गावच्या पुढाऱ्याच्या खिशात जाईल. हा धोका खराच आहे. त्यावरचे उत्तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अधिकार पंखा देणाऱ्याचा नाही, पोर पाठवणाऱ्याचा. अनेक गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे, पण त्याचा दोष तिला कामच न देणाऱ्यांकडे जातो.

हक्कावाचून सेवा म्हणजे काय, हे पाहायचे तर गेल्या पंचवीस वर्षांतले शब्द पाहावेत. 2000 साली नवा प्राथमिक शिक्षक ‘शिक्षणसेवक’ झाला. महिना 3000 रुपये, तेही पगार नव्हे, ‘मानधन’. दुपारची खिचडी शिजवणाऱ्या बाया सकाळपासून चुलीपुढे असतात, पण कागदोपत्री त्या कामगार नाहीत, ‘मदतनीस’ आहेत. शिक्षणसेवक आले त्याच सुमारास वाड्यावस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या. सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जिथे माणूस गावठाण सोडून शेतात घर करून राहतो, त्यांची गरज खरी होती. चार-पाच वर्षांच्या पोराने ओढा ओलांडून तीन-चार किलोमीटर चालावे कसे? वस्तीवरचाच शिकलेला मुलगा किंवा सून मास्तर झाली, सुरुवातीला महिना 1000 रुपयांवर, आणि त्यांचे पद लिहिले गेले ‘स्वयंसेवक’. कुठे झाडाखाली, कुठे गोठ्याला लागून असलेल्या पडवीत त्यांनी हजेरी मांडली. 1 मार्च 2014 पासून त्यांना नियमित शिक्षक केले गेले. मराठी शाळेत ‘सेवा’ या शब्दाचे दोन अर्थ चालतात: एक फळ्यावर सुविचारात लिहायचा, दुसरा सेवापुस्तिकेतला, ज्यावर वेतनवाढ आणि निवृत्तिवेतन ठरते. आधीची दहा-बारा वर्षे या माणसांनी पहिल्या अर्थाने सेवा केली होती, आणि ती दुसऱ्या अर्थाने धरली जावी, ही त्यांची मागणी आहे.