ताईत, नाणे आणि चांदीचा ससा

१९९९ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थच्या टांकसाळीने चांदीचे एक नाणे काढले. वजन एक औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम, शुद्धता हजारात ९९९, दर्शनी किंमत एक डॉलर. एका बाजूस राणी दुसरी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूस ससा, कारण चिनी कालगणनेत ते सशाचे वर्ष होते. पुढे दरवर्षी एकेक प्राणी घेत २०१० मध्ये वाघापाशी ही बारा नाण्यांची मालिका पुरी झाली. सोन्यातली अशी मालिका तेथे १९९६ पासूनच सुरू होती.

कायद्याच्या दृष्टीने हे नाणे चलन आहे. पण आतील चांदीच एका डॉलरहून कितीतरी महाग असल्यामुळे ते खर्च करण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. ते प्लॅस्टिकच्या गोल डबीत येते, डबीतच राहते आणि डबीसकट पुढच्याला विकले जाते. सशाच्या वर्षी जन्मलेल्या मुलाला ते भेट मिळते. जे चालत नाही त्याला चलन म्हणायचे, हा विनोद आधुनिक बाजारपेठेने केला असे प्रथमदर्शनी वाटते. आमच्या मते हा विनोद बराच जुना आहे. बाजारपेठेने फक्त त्याच्या बाजू उलटवल्या.

बारा प्राण्यांच्या परंपरेचा एक जुना पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाला. हुबेई प्रांतातील शुइहुदी येथे १९७५ साली छिन काळातील एका अधिकाऱ्याच्या थडग्यात लिखित बांबूच्या पट्ट्या सापडल्या. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील या मजकुरात शुभाशुभ दिवसांचा विचार आहे आणि त्यातच चोर ओळखण्याचे एक प्रकरण आहे. अमुक चिन्हाच्या दिवशी चोरी झाली, तर चोर अमुक प्राण्याच्या वळणाचा. उंदराच्या दिवसाचा चोर निमुळत्या तोंडाचा आणि विरळ दाढीचा! ही यादी आजच्या यादीशी पूर्णपणे जुळत नाही. आज जेथे घोडा आहे तेथे तीत हरिण आहे. पुढे इ.स.च्या पहिल्या शतकात वांग छोंग या तर्ककठोर लेखकाने या कल्पनांची फिरकी घेतली. पाणी अग्नीला जिंकते, उंदीर जलतत्त्वाचा आणि घोडा अग्नितत्त्वाचा, तर मग उंदीर घोड्याच्या पाठीस का लागत नाही, असे त्याने विचारले. उत्तर कोणी दिले नाही आणि परंपराही थांबली नाही. आपल्या पंचांगातील साठ संवत्सरांप्रमाणे चीनमध्येही साठ वर्षांचे चक्र आहे. दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्यांतून ते तयार होते. प्राणी हे त्यातील बारा चिन्हांचे लोकांच्या तोंडी रुळलेले रूप. आपले प्रभव-विभव पंचांगाच्या पहिल्या पानावरच राहिले. तिकडचे उंदीर-बैल मात्र घराघरांत शिरले.

घराघरांत शिरले, पण पैशावर चढले नाहीत. दोन हजार वर्षे चिनी नाणे म्हणजे ओतीव धातूचे वर्तुळ, मध्ये चौकोनी भोक आणि भोवती अक्षरे. राजाचा चेहरा नाही की प्राणी नाही. मात्र त्याच आकाराची, तशाच भोकाची एक वेगळी वस्तू लोक ओतून घेत. तिच्यावर बारा प्राणी आणि त्यांची चिन्हे असत. ती बाजारात चालत नसे. गळ्यात, कमरेला किंवा दाराशी बांधली जात असे. चिनी भाषेत तिच्या नावाचा आशय ‘अरिष्ट दाबणारा पैसा’ असा आहे. स्वतःच्या प्राण्याचे वर्ष दर बारा वर्षांनी परत येते आणि ते जड जाते, अशी लोकसमजूत असल्यामुळे अशा वस्तूची गरजही वेळोवेळी पडे. थोडक्यात, तो पैशाचे सोंग घेतलेला ताईत होता. पर्थचा ससा हा चलनाचे सोंग घेतलेला ताईत आहे, इतकाच फरक; आणि या वेळी सोंगाला सरकारी मान्यता आहे.

राशिचिन्हे खऱ्या चलनावर आणण्याची हौस एका बादशहाने आपल्याकडे भागवून घेतली होती. जहांगीराने १६१८ मध्ये अहमदाबादेच्या टांकसाळीत चांदीचे असे रुपये पाडले, ज्यांवर महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याची रास चित्ररूपाने होती. त्या राशी पश्चिमेकडून आलेल्या, मेष-वृषभाच्या. चिनी प्राण्यांशी त्यांचे नाते नाही. चिनी सम्राटांना मात्र असा लहरीपणा सुचला नाही. १८८९ मध्ये झांग झिदोंग या प्रांताधिपतीने ग्वांगदोंगमध्ये यंत्रावर नाणी पाडण्यास आरंभ केला, तेव्हा चांदीवर ड्रॅगन आला. पण तो सिंहासनाचा ड्रॅगन होता, वर्षाचा नव्हे.

आता चांदीकडे वळू. सशाच्या झळाळीत जो इतिहास दिसत नाही तो येथे आहे. चीनमधील चांदी मोठ्या प्रमाणात बाहेरून आलेली: जपानच्या आणि स्पॅनिश अमेरिकेच्या खाणींतली. सोळाव्या शतकात मिंग राज्याचे कर चांदीत घेतले जाऊ लागले आणि जगाची चांदी तिकडे वाहू लागली. एकोणिसाव्या शतकात अफूने हा प्रवाह उलटा फिरवला. त्या अफूतील माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे. जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती चीनशी चाललेल्या अफू-कापसाच्या व्यापारातूनच उभी राहिली. मुंबईच्या रुग्णालयांच्या आणि विद्यालयांच्या कोनशिला वाचताना हे सहसा आठवत नाही.

मुंबईचा संबंध येथेच संपत नाही. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९५ पासून, मुंबईच्या टांकसाळीत ‘ब्रिटिश व्यापारी डॉलर’ पडू लागला. हाँगकाँग आणि मलायातील वसाहतींसाठी. वजन २६.९५ ग्रॅम, चांदी हजारात ९००. एका बाजूस त्रिशूळधारी ब्रिटानिया. दुसऱ्या बाजूस चिनी आणि अरबी वळणाच्या मलाय लिपीत ‘एक डॉलर’, आणि मधोमध दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह. ताइतावरचे शुभचिन्ह खऱ्या पैशावर चढले ते असे, फोर्टातल्या यंत्रांवर, ज्यांना चिनी वाचता येत नव्हते अशा कारागिरांच्या हातून. १९३५ पर्यंत हा डॉलर निघत राहिला.

चीनमध्ये गेल्यावर त्याची जी गत होई ती आम्हांला विशेष बोलकी वाटते. तेथील व्यापारी सरकारी शिक्क्यावर विसंबत नसत. नाणे वाजवून, तोलून पाहत आणि पटल्यास त्यावर स्वतःची छोटी मोहोर ठोकत. दहा हातांतून गेलेल्या डॉलरवर दहा मोहोरा. ब्रिटानियाचा चेहरा कधीकधी ओळखूही येईना. ही पारख करणाऱ्याला चिनी बंदरांत ‘श्रॉफ’ म्हणत. हा आपलाच सराफ. अरबीतून आपल्याकडे आला, इंग्रजांच्या तोंडी बदलला आणि बोटीने पूर्वेला गेला. हाँगकाँगमध्ये वाहनतळाचे पैसे घेणाऱ्या खिडकीवर आजही हाच शब्द लिहिलेला असतो. मोहोरांनी विद्रूप झालेला तो डॉलर आणि बोटाचा ठसा उमटला तरी भाव उतरणारा डबीतला ससा शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यावर माणसांनी विश्वास कोरला आहे. दुसऱ्याला स्पर्शच वर्ज्य आहे.

पर्थच्या टांकसाळीचाही इतिहास पाहिला पाहिजे. ती २० जून १८९९ रोजी उघडली, लंडनच्या रॉयल मिंटची शाखा म्हणून. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खाणींतील सोन्याचे सॉव्हरिन पाडणे हे तिचे काम. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०१ मध्ये, ऑस्ट्रेलियाने स्थलांतर-निर्बंधाचा कायदा केला. त्यात चिनी माणसाचे नाव नव्हते. अधिकारी निवडील त्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा येणाऱ्याने शुद्ध लिहून दाखवावा, एवढेच होते. चिनी माणसाला इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढता येई. भाषेच्या अध्यापकाने मान खाली घालावी अशी ही शुद्धलेखनाची परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात राहिली आणि वंशभेदी धोरणाचे अखेरचे अवशेष १९७३ मध्ये गेले. त्याच देशाची टांकसाळ पाव शतकानंतर चिनी ग्राहकासाठी चिनी अक्षर चांदीवर उमटवू लागली. हा बदल खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र माणसापेक्षा त्याचा प्राणी आत घेणे सोपे असते, हेही तितकेच खरे.

खुद्द चीनमध्येही सरकारला या प्राण्यांशी जुळवून घेण्यास वेळ लागला. १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत असल्या समजुती जुनाट म्हणून झोडपल्या गेल्या. डोळा मिटलेल्या घुबडाच्या चित्रावरून छळ सोसलेल्या हुआंग योंगयू यांनीच काढलेले माकड १९८० मध्ये टपाल तिकिटावर आले, आणि १९८१ पासून चीनने राशिवर्षाची सोन्याचांदीची नाणी सुरू केली. पहिला मान कोंबड्याचा. हाँगकाँगने सोन्याचा ड्रॅगन त्याआधीच, १९७६ मध्ये, काढला होता.

पर्थला बारा वर्षांचे चक्र पुरे होईपर्यंतही धीर धरवला नाही. पहिली मालिका २०१० मध्ये संपायची असताना दुसरी २००८ मध्येच उंदरापासून सुरू झाली, त्यामुळे तीन वर्षे प्रत्येक प्राणी दोन-दोन रूपांत मिळत होता. वांग छोंगला आणखी एक प्रश्न सुचला असता. दरम्यान इतर टांकसाळीही या व्यवसायात उतरल्या; ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०१४ मध्ये घोड्यापासून आरंभ केला. पुढच्याच वर्षी अनुवादाचा पेच आला. त्या वर्षाचे चिनी अक्षर शेळी आणि मेंढी दोहोंना चालते, इंग्रजीला मात्र एक निवडावी लागते. पर्थने २०१५ च्या नाण्यावर शेळी लिहिली, ब्रिटनने मेंढी. मराठीत हे नाणे निघाले असते, तर आम्ही ‘शेळीमेंढी’ असा जोडशब्दच सुचवला असता.