रायफलीवरचे ठसे

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. तासाभरातच जवळच्या शालेय पुस्तकांच्या गोदामात, सहाव्या मजल्यावर, खोक्यांच्या आड एक रायफल सापडली. सापडली तेव्हा ती 'मॉझर' आहे असे एका पोलिसाने सांगितले. ते चूक होते. रायफलीवर 'मेड इटली', 'तेर्नी', 'कॅल. ६.५', १९४० हे साल आणि 'सी २७६६' हा क्रमांक ठोकलेला होता. इटलीच्या तेर्नी येथील कारखान्यात बनलेली ती कारकानो रायफल होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या सैन्यांनी निकालात काढलेल्या अशा रायफली अमेरिकेत घाऊक भावाने जात. त्यामुळे तपासाला सर्वांत उपयोगी पडला तो क्रमांक. त्याच रात्री न्यूयॉर्कच्या आयातदाराने सांगितले, की ही रायफल शिकागोच्या एका दुकानाला विकली होती. दुकानातली कागदपत्रे रात्रभर चाळल्यावर पहाटे नोंद मिळाली. २० मार्च १९६३ रोजी ती 'ए. हिडेल' या नावाने डॅलसच्या एका टपालपेटीवर पाठवली होती. दुर्बीण आणि टपालखर्च धरून किंमत २१ डॉलर ४५ सेंट. पेटी ली हार्वे ऑस्वाल्डची होती आणि मागणीपत्रावरचे अक्षरही त्याचेच निघाले. पुढे वॉरन आयोगाने इटलीच्या लष्करी गुप्तचर खात्याकडून खात्री करून घेतली, की या जातीची, या क्रमांकाची दुसरी रायफल नाही. इटलीत ही बंदूक अनेक कारखान्यांत बनत असल्याने ही चौकशी आवश्यक होती.

या हत्येनंतर सुरू झालेल्या वादातून १९६८ चा बंदूक नियंत्रण कायदा आला. परराज्यातून टपालाने बंदूक मागवणे बंद झाले, लष्करी रायफलींची आयातही थांबली. १९८० च्या दशकात ही बंदी सैल झाली तेव्हा मात्र आयातदाराने आपले नाव व गाव बंदुकीवर कोरण्याची अट कायम होती. जुन्या बंदुका जमवणाऱ्यांना हा ठसा नकोसा वाटतो. नळीवर 'सी.ए.आय.' अशी अक्षरे दिसली की ते नाक मुरडतात. पण बंदूक कोणत्या दाराने देशात शिरली, ते हाच ठसा सांगतो.

त्या लाटेत आपल्याकडच्या रायफलीही अमेरिकेत पोचल्या. त्या बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या. त्यांतल्या जुन्या .३०३ रायफलींवर मुकुट आणि 'जी.आर.आय.' ही अक्षरे असतात; लॅटिनमध्ये त्यांचा अर्थ जॉर्ज, राजा आणि सम्राट. प्रजासत्ताकानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. कारखाना तोच आणि रायफलही तीच, बदलला तो मालक. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात उतरलेल्या भारतीय पायदळाची नेहमीची रायफल ही .३०३ च होती, हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नकोच.

१९६० च्या दशकात इशापूरने त्याच धाटणीची, पण ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची '२ए' आणि मग '२ए१' ही रायफल बनवली. दिसायला ती इतकी सारखी, की जुन्या .३०३ ला नवी नळी बसवली असावी असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती अधिक मजबूत पोलादाची, मुळापासून नवी बनवलेली रायफल. बाजूला कोरलेले 'आर.एफ.आय.', मॉडेल आणि साल वाचले की हा गैरसमज राहत नाही.

काही ठसे तर जिवाशी संबंधित असतात. 'डी.पी.' म्हणजे फक्त कवायतीसाठी. अशी रायफल झाडायची नसते. बोल्टवरचा क्रमांक आणि मूळ सांगाड्यावरचा क्रमांक जुळला नाही, तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे असे समजावे आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय चाप ओढू नये.

ठसा खोटाही असतो. खैबर खिंडीच्या आसपासचे कारागीर इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला हाताने घडवत आले आहेत. अक्षर न जाणणाऱ्या हाताने कोरलेला इंग्रजी 'एन' कधी उलटा पडतो. कधी राणी व्हिक्टोरियाच्या 'व्ही.आर.' खाली १९०१ नंतरचे साल असते. राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली! अशा बंदुकीचे पोलाद किती दाब सोसेल, याचा भरवसा नसतो.

म्हणून एकट्या ठशावर विसंबून चालत नाही. डॅलसमध्येही 'सी २७६६' हा आकडा बोलू लागला तो आयातदाराची वही, दुकानाची नोंद आणि इटलीचे उत्तर त्याला जोडल्यावर. शिलालेख असो, ताम्रपट असो की रायफल, धातू-दगडावरचे अक्षर कागदाशी ताडून पाहिल्यावरच त्याला पुरावा म्हणता येते.