हत्याकांडाचे नाव आणि प्रेक्षकाचे मत

खुनाच्या कथेवर आधारलेल्या चित्रपटाविषयी प्रेक्षक जे मत व्यक्त करतो ते चित्रपट पाहून बनलेले असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. कल्पित कथेच्या बाबतीत हे गृहीत बव्हंशी खरे आहे. परंतु ज्या शहरात खून घडले त्याच शहरातील प्रेक्षक जेव्हा त्या खुनांवरील चित्रपट पाहतो, तेव्हा त्याचे मत चित्रपटगृहात शिरण्यापूर्वीच निम्मेअधिक तयार झालेले असते. आणि ते तयार करण्यात त्या घटनेला मिळालेल्या नावाचा वाटा मोठा असतो. पुणे शहरातील १९७६-७७ च्या खुनांवर पुढील चार दशकांत जे चित्रपट निघाले, त्यांच्या शीर्षकांच्या आधारे ह्या विधानाची परीक्षा करता येते.

प्रथम घटनाक्रम लक्षात घेणे अवश्य आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ ह्या काळात पुण्यात दहा माणसांचे खून झाले. पहिला बळी प्रकाश हेगडे हा तरुण. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघांचे, आणि १ डिसेंबर १९७६ रोजी भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जणांचे प्राण घेण्यात आले. दहावा बळी अनिल गोखले. त्याचा खून २३ मार्च १९७७ रोजी, म्हणजे आणीबाणी उठल्यानंतर दोनच दिवसांनी झाला. हे खून करणारे राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शाह हे चौघे टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यांचा एक सहाध्यायी माफीचा साक्षीदार झाला. १९७८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने चौघांना देहान्ताची शिक्षा सुनावली. ती १९७९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा मार्गही बंद झाला. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आले. दरम्यानच्या काळात पुण्याचे रस्ते दिवेलागणीनंतर ओस पडत असत, ही आठवण त्या पिढीच्या पुणेकरांत सार्वत्रिक आहे.

ह्या घटनामालिकेला ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ असे नाव पडले. ‘सीरियल किलर’ हा शब्द त्यावेळी मराठीत रुळलेला नव्हता. बर्लिनचे पोलीस अधिकारी एर्न्स्ट गेन्नाट ह्यांनी ड्युसेलडॉर्फच्या पेटर क्युर्टनसाठी त्याच अर्थाचा जर्मन शब्द १९३० साली योजला होता. इंग्रजीत त्याचा प्रसार १९७० नंतरचा. ह्या शब्दाचे वैशिष्ट्य असे की तो खून करणाऱ्याकडे बोट दाखवितो. पुण्याने रूढ केलेला समास मात्र मारल्या गेलेल्यांची आडनावे धारण करतो. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हननक्रियेचा कर्ता त्यातून वगळला गेला असून केवळ कर्म शिल्लक राहिले आहे. खून झाले तेव्हा कर्ता अज्ञातच होता, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की ती दोन्ही घरे मध्यमवर्गीय पुणेकराला स्वतःच्या घरासारखी वाटणारी होती.

तथापि ह्या नावाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. दहा बळींपैकी तीन त्यात सामावत नाहीत. हेगडे प्रकरणाचा ह्या खुनांशी असलेला संबंध तपासाअंती उघड झाला, आणि गोखले ह्याचा खून नाव रूढ होऊ लागल्यानंतरचा. म्हणून हे दोघे बाहेर राहिले असावेत. परंतु तिसऱ्या, सकूबाई वाघ, अभ्यंकरांच्या घरी काम करीत होत्या आणि त्याच रात्री, त्याच छपराखाली मारल्या गेल्या. घराचे नाव घराण्यावरून पडते, कामकरी बाईवरून नव्हे, हा समाजाचा नियम शोकाच्या प्रसंगीही सुटला नाही.

मुंबईतील एका प्रकरणाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९६८ साली पकडला गेलेला रमन राघव पदपथावर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना मारीत असे. ते प्रकरण आरंभापासून त्याच्याच नावाने ओळखले गेले. श्रीराम राघवन ह्यांचा १९९१ चा चित्रपट आणि अनुराग कश्यप ह्यांचा २०१६ चा चित्रपट, दोहोंच्या शीर्षकांत तेच नाव आहे. त्याच्या बळींपैकी एकाचेही नाव सर्वसाधारण प्रेक्षकाला सांगता येणार नाही. बळीच्या नावाने हत्याकांड ओळखले जाण्यासाठी त्या बळीला शहरात आधीच काही स्थान असावे लागते, असे ह्यावरून दिसते.

आता चित्रपटांकडे वळू. राजदत्त दिग्दर्शित ‘माफीचा साक्षीदार’ १९८६ साली प्रदर्शित झाला. ‘अष्टविनायक’ (१९७९) सारख्या चित्रपटामुळे राजदत्तांचे नाव मराठी कुटुंबांत आदराने घेतले जात होते. नाना पाटेकर व मोहन गोखले ह्यांच्या भूमिका असलेल्या ह्या चित्रपटाचा आधार कोणता हे पुण्यात कोणालाही सांगावे लागले नाही. येथे रहस्यपटाची नेहमीची चौकट निरुपयोगी ठरते. रहस्यपटाचा प्रेक्षक तीन प्रश्नांनी बांधला जातो: खुनी कोण, तो सापडेल काय, आणि त्याचे पुढे काय होईल. पुण्याच्या प्रेक्षकाला तिन्हींची उत्तरे ठाऊक होती. फाशीला तर तीनच वर्षे लोटली होती. साहजिकच त्याच्या मताला दुसरी परिमाणे लाभली. दाखविलेले तसेच घडले काय, हे पहिले. असे दाखवावे काय, हे दुसरे. आणि नटाने ते कसे उभे केले, हे तिसरे. पहिल्या दोहोंत प्रेक्षक साक्षीदाराच्या आणि नागरिकाच्या नात्याने बोलतो. केवळ तिसऱ्यात तो प्रेक्षक असतो.

शीर्षकाची निवडही विचार करण्याजोगी आहे. ‘माफीचा साक्षीदार’ ही न्यायालयीन संज्ञा होय. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ खाली, सर्व हकीकत खरी सांगण्याच्या अटीवर गुन्ह्यातील साथीदाराला माफी देता येत असे. म्हणजे शीर्षकाने बळी टाळला आणि मुख्य खुनीही टाळला. जो पाहून, सांगून, मोकळा झाला त्याला पुढे केले. प्रेक्षकाची स्थिती त्याच्याहून फार निराळी नाही. त्यानेही सर्व पाहिलेले असते आणि तोही शेवटी मोकळा होऊन घरी जातो. हे साम्य दिग्दर्शकाला अभिप्रेत होते किंवा कसे, हा प्रश्न गौण आहे. मराठीत ते शब्दाच्या अंगीच आहे.

परंतु चित्रपटाचा परिणाम शीर्षकाप्रमाणे झाला नाही. लोकांच्या बोलण्यात राहिली ती नाना पाटेकर ह्यांची खुनी म्होरक्याची भूमिका. ह्यात नटाचा दोष नाही. नाट्याचा तो स्वभावच आहे. बळी पडद्यावर येतो तो मरण्यापुरता, खुनी मात्र आरंभापासून अखेरपर्यंत असतो. मुनव्वर शाहने कारागृहात लिहिलेल्या ‘येस, आय ॲम गिल्टी’ ह्या आत्मकथनातही बोलण्याची संधी कर्त्यालाच मिळाली. दहा बळींपैकी कोणालाही प्रथमपुरुषी बोलणे शक्य नव्हते, ही असमता कोणत्याही कलाकृतीला पूर्णपणे दूर करता येणारी नाही.

ती असमता निदान ओळखता येते, ह्याचे उदाहरण म्हणून फ्रिट्झ लांग ह्यांच्या ‘एम’ ह्या जर्मन चित्रपटाकडे पाहता येईल. तो मे १९३१ मध्ये बर्लिनला प्रदर्शित झाला. क्युर्टनच्या खटल्याचा निकाल एप्रिलमध्ये लागला होता आणि जुलैमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. म्हणजे प्रेक्षकांच्या मनात तो ताजा असतानाच हा चित्रपट आला. त्यात खुन्याला प्रदीर्घ भाषण दिलेले आहे; परंतु शेवट मुले गमावलेल्या मातांवर केलेला आहे. अखेरचा शब्द कोणाचा, हा निर्णय तेथे जाणीवपूर्वक घेतला गेला.

अनुराग कश्यप ह्यांच्या ‘पाँच’ ह्या चित्रपटाने पुण्याच्या घटनेचा आधार सैलपणे घेतला आणि कथा एका वाद्यवृंदातील तरुणांवर बेतली. येथे पहिला प्रेक्षक ठरले ते परीक्षण मंडळ. हिंसेचे चित्रण, गुन्ह्याच्या पद्धतीचे तपशील आणि कोणत्याही सत्प्रवृत्त पात्राचा अभाव हे त्याचे आक्षेप होते. काटछाटीनंतर परवानगी मिळूनही चित्रपट दीर्घकाळ चित्रपटगृहांत आला नाही. मंडळाचे मत कितीही संकुचित वाटले, तरी ‘असे दाखवावे काय’ ह्या नागरिकाच्या प्रश्नाचेच ते शासकीय रूप होते. शीर्षकातील संख्या गुन्हेगार टोळक्याची होती. बळी येथे नावातून पूर्णपणे गेले.

ह्या क्रमाची परिणती विवेक वाघ ह्यांच्या अनुबोधपटात दिसते. २०१९ सालासाठीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत शोधपर चित्रपटाचा पुरस्कार मिळविणाऱ्या ह्या मराठी अनुबोधपटाचे नाव आहे ‘जक्कल’. बळीची आडनावे, मग साक्षीदार, मग टोळक्याची संख्या, आणि शेवटी खुन्याचे आडनाव: चार दशकांत नाव कर्माकडून कर्त्याकडे सरकले. नव्या पिढीच्या प्रेक्षकाला ह्यात काही वावगे वाटत नाही, कारण ‘सीरियल किलर’ ह्या शब्दाने त्याला कर्त्याकडे पाहण्याचीच सवय लावलेली आहे. समासात विभक्तीचा लोप होत असल्याने ‘जोशी-अभ्यंकर’ हे मारणारे की मारले गेलेले, हे त्या शब्दांतून कळत नाही. जुन्या पुणेकराला ते माहीत होते म्हणून नाव पुरेसे होते. माहिती ओसरली की नावही मुके होते.

ह्या मुकेपणाची किंमत संस्कृत आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना विशेष जाणवावी. भांडारकर रस्त्यावर मारले गेलेले वृद्ध गृहस्थ म्हणजे काशिनाथशास्त्री अभ्यंकर. वडील वासुदेवशास्त्री ह्यांनी पातंजल महाभाष्याचे मराठी भाषांतर केले. त्याचा प्रस्तावनाखंड काशिनाथशास्त्र्यांनी लिहिला. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेचा त्यांचा इंग्रजी कोश १९६१ साली बडोद्याहून, आणि ‘परिभाषासंग्रह’ १९६७ साली भांडारकर संस्थेतून प्रसिद्ध झाला. कर्ता आणि कर्म ह्या संज्ञांचा अर्थ निश्चित करण्यासाठी अभ्यासक आजही तो कोश उघडतात. त्याची सुधारित आवृत्ती १९७७ साली निघाली. तेव्हा कोशकार हयात नव्हते. चित्रपटांच्या प्रेक्षकाला ते ठाऊक आहेत ते एका प्रसंगातील बळी म्हणून, आणि कोशाच्या वाचकांपैकी अनेकांना त्यांच्या मृत्यूची हकीकत माहीत नसते. ह्या दोन वाचनांची गाठ घालून देणे चित्रपटाच्या कक्षेत येत नसेल, तर ते काम इतिहासलेखनाने आपल्याकडे घेतले पाहिजे.