१२० चमचे : जलसंजीवनीचा इतिहास आणि न पिणारं बाळ

आधी एक छोटं गणित करू. ८ किलो वजनाचं बाळ आहे. जुलाबांमुळे अंगातलं पाणी कमी झालंय, पण परिस्थिती अजून हाताबाहेर गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचारपद्धतीनुसार अशा बाळाला पहिल्या ४ तासांत दर किलोमागे ७५ मिलिलिटर जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस द्यायची असते. एकूण ६०० मिलिलिटर. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतं, म्हणजे झाले १२० चमचे. ४ तासांची मिनिटं २४०. दर दोन मिनिटांनी एक चमचा, सलग चार तास.

आता या गणितात खरं बाळ आणा. ते तोंड घट्ट मिटतं, मान फिरवतं, चमच्यावर हात मारतं आणि मोठ्या मुश्किलीनं पाजलेलं ओकून टाकतं. रात्रीचे दोन वाजलेत आणि आईचा हा चाळिसावा चमचा आहे.

जलसंजीवनीचा इतिहास आपण बहुतेक वेळा ‘मीठ, साखर, पाणी : किती सोपा शोध!’ अशा थाटात ऐकतो. आज तो या चमच्याच्या बाजूनं बघू. संशोधनाचा विषय निवडताना तुम्हाला पडायलाच हवा असा एक प्रश्न त्यात आहे : शोध पूर्ण झाला असं कधी म्हणायचं?

प्रयोगशाळेपासून रुग्णालयापर्यंत

१९५३ मध्ये कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये कॉलराच्या १८६ रुग्णांवरचे उपचार मांडले. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात आधी ओकारी आटोक्यात आणणं येतं आणि मग तोंडावाटे पाणी भरून काढणं. म्हणजे खरी अडचण त्यांनी बरोबर पकडली होती. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे वैद्यकीय जगानं फारसं लक्ष दिलं नाही.

१९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्राग इथल्या परिषदेत मांडलं की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शिरतात. त्यांच्या मागोमाग पाणी येतं. कॉलरा झाला तरी ही वाट बंद होत नाही. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उपयोग करून दाखवला. शिरेतून द्यावं लागणारं सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी झालं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तो अभ्यास प्रौढ रुग्णांवरचा होता आणि रुग्णालयात झाला होता. मोठ्या माणसाला समजावता येतं. शिवाय तिथे प्रशिक्षित माणसं होती, वेळ पडली तर नाकातून नळी घालायची सोय होती. घरी, कुशीतल्या बाळाचं काय, याचं उत्तर अजून बाकी होतं.

बनगाव, १९७१

बांगलादेश मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावमध्ये कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस मुळात बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १ लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधं मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशी पाकिटं कोलकात्यात तयार करून घेतली.

पाजायला पुरेसे कर्मचारी नव्हते, म्हणून हे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं गेलं. या उपचारकाळात मृत्युदर ३.६ टक्के होता. त्याआधी तो २० ते ३० टक्के होता. काटेकोर नियंत्रित चाचणी तिथे शक्य नव्हती, पण एक गोष्ट दिसली : घरचं माणूस हा उपचार करू शकतं.

आईच्या हातात

पुढचा टप्पा बांगलादेशातला. १९८० ते १९९० या काळात ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना द्रावण करायला शिकवत होत्या. मोजायला वजनकाटा नाही, हातच! तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि ठरावीक पाणी. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका, म्हणून आयांनी केलेल्या द्रावणाचे नमुने तपासले जात. कार्यकर्तीचा मोबदलाही आयांना किती नीट जमतंय यावर ठरायचा.

तरीही सुरुवातीला एक विचित्र निकाल आला. आयांना कृती पाठ होती, पण मूल आजारी पडलं की वापर मात्र कमी. का? कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर पुरता विश्वास बसलेला नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग प्रशिक्षण बदललं, पुरुषांशीही बोलणं सुरू झालं. ‘माहिती आहे’ आणि ‘करतात’ हे दोन वेगळे चल आहेत, हे इथून शिकून ठेवा.

नकार हीसुद्धा नोंद आहे

आणि आता बाळाकडे परत. ‘बाळ पीतच नाही’ या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. एक बाळ जागं आहे, चिडचिड करतंय, रडताना अश्रू येतायत, पण चमचा ढकलतंय. त्याला कदाचित तहानच नाही आणि चव खारट लागतेय. दुसरं मलूल पडलंय, डोळे खोल गेलेत, त्याला गिळताच येत नाही. हे बाळ हट्ट करत नसतं. त्याला तातडीनं रुग्णालयात नेऊन शिरेतून सलाईन द्यावं लागतं.

म्हणूनच आज निर्जलीकरण ओळखायच्या तक्त्यात बाळ कसं पितं, अधाशासारखं, कसंबसं की अजिबात नाही, हा स्वतंत्र रकाना आहे. घरी ज्याला ‘ऐकत नाही’ म्हणतात, ते तिथे निदानाचं लक्षण झालं. ओकारीसाठीही साधा नियम ठरला : १० मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा.

मूळ द्रावणातही बदल झाला. २००२ पासून त्याची परासारिता ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणली गेली. अभ्यासांत मुलांच्या ओकाऱ्या सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. ग्लुकोज-सोडियमची जोडी कळल्यानंतर ४० वर्षांनी! तोवर ओकाऱ्या मोजत बसणं हे मोठं विज्ञान कोणाला वाटलं असतं?

तुमच्या प्रस्तावासाठी

बाळाला पाजता आलं नाही की घरात आईला बोल लावतात. संशोधनाच्या अहवालांतही असंच होतं, फक्त भाषा सभ्य असते : ‘सहभागींनी सूचनांचं पालन केलं नाही.’ हे वाक्य मर्यादांच्या परिच्छेदात टाकून पुढे जाण्याआधी जरा थांबा.

एक गृहपाठ करून बघा. तुमच्या विषयातला एक गाजलेला शोधनिबंध घ्या आणि कागदावर लिहा : यातलं शेवटचं काम कोण करतं? किती वेळा? दर किती मिनिटांनी? आणि समोरच्यानं नकार दिला तर तो नोंदवायला तुमच्या तक्त्यात रकाना आहे का? हा रकाना नसेल, तर तुमचा संशोधनप्रश्न कदाचित तिथेच सापडेल.