लाल किल्ला ते चंद्राचे ध्रुव : अवरक्त किरणांची साक्ष

दि. १५ ऑगस्ट २००३ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यावरून पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी ‘चांद्रयान-१’ची घोषणा केली. या यानाच्या सर्वांत मोठ्या शोधामागे विज्ञानाची दोन शतकांची वाटचाल होती.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तापमापक ठेवला आणि पारा चढला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. पुढे कळून आले की, प्रत्येक पदार्थ या किरणांतील ठरावीक लहरीच शोषून घेतो. पाण्याचा बर्फ १.५ व २ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतो आणि परावर्तित प्रकाशाच्या आलेखात तेथे खळगे पडतात. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेल्या गुरूच्या चंद्रांपैकी युरोपा व गॅनिमीड यांवरील हिमाची ही खूण १९७२ साली पिल्चर, रिजवे व मॅककॉर्ड यांनी पृथ्वीवरूनच ओळखली.

आपला चंद्र मात्र कोरडाच मानला जात होता. अपोलो मोहिमांच्या नमुन्यांत पाण्याचा अंश आढळला, तरी तो पृथ्वीवरील हवेतून मिसळला असावा, असाच निष्कर्ष निघाला.

दि. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान झेपावले. त्यावर नासाचा एक वर्णपटमापक होता. त्याच्या प्रमुख कार्ली पीटर्स होत्या आणि चमूत तेच मॅककॉर्डही होते. २.८ ते ३ मायक्रॉनदरम्यान शोषणाची खूण दिसली, तेव्हा शास्त्रज्ञांनी प्रथम आपल्याच उपकरणावर संशय घेतला. कॅसिनी यानाने १९९९ मध्ये जाता जाता केलेल्या नोंदी तपासल्या गेल्या. डीप इम्पॅक्ट यानाकडूनही पडताळणी झाली. तिन्ही साक्षी जुळल्या. दरम्यान, २९ ऑगस्ट २००९ रोजी चांद्रयानाशी संपर्क तुटला आणि दोन वर्षांची नियोजित मोहीम दहा महिन्यांतच संपली. चंद्रपृष्ठावर पाणी वा हायड्रॉक्सिल असल्याची घोषणा त्यानंतर, २४ सप्टेंबरला झाली.

त्याच नोंदी पुन्हा अभ्यासून २०१८ साली शुआई ली व सहकाऱ्यांनी ध्रुवांजवळील कायम अंधाऱ्या विवरांत प्रत्यक्ष बर्फाच्या खुणा दाखविल्या. विवरांच्या कडांवरून विखुरलेला क्षीण प्रकाश त्यांना पुरला. गुरूच्या चंद्रांवर ओळखलेले खळगे आपल्या चंद्रावरही सापडले.

यान मूक होऊन तोवर नऊ वर्षे लोटली होती. जतन केलेल्या नोंदी मात्र नव्या अभ्यासकाची वाट पाहत होत्या.