नावाचा पत्ता कोणाला विचारायचा?

लॅपटॉपवर वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले असते, तरी ब्राउझर सांगतो की संकेतस्थळ सापडत नाही. अशा वेळी कमांडच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ लिहून पुढे ८.८.८.८ हे आकडे दिले, तर उत्तरे एकामागून एक येतात. आकड्यांच्या जागी संकेतस्थळाचे नाव दिले, की ते सापडत नाही. म्हणजे रस्ता खुला आहे, नावावरून पत्ता सांगणारा मात्र जागेवर नाही. नावाचे आकडी पत्त्यात रूपांतर करणाऱ्या या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. तिच्या सेटिंग्ज म्हणजे तंत्रज्ञांनी केलेली विनाकारण गुंतागुंत, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते वेगवेगळ्या काळात एकावर एक चढलेले थर आहेत आणि बिघाड शोधायचा तर कोणत्या काळातला थर अडला आहे, हेच पाहावे लागते.

सर्वांत जुना थर यादीचा. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याच्या काळात त्यातल्या सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे माहिती केंद्र एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखाली ती सांभाळत असे. नव्या संगणकाचे नाव केंद्राला कळवायचे, केंद्राने नोंद करायची आणि बाकीच्यांनी सुधारलेली फाइल उतरवून घ्यायची, असा शिरस्ता होता. यंत्रे मोजकी होती तोवर तो निभावला. पुढे फाइल लांबत गेली, ती उतरवून घेणाऱ्यांचा भार वाढला आणि सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत ती जुनी होऊ लागली. त्या यादीचा वारस ‘होस्ट्स’ या नावाने आजही लॅपटॉपवर असतो आणि बाहेर कोणाला विचारण्याआधी यंत्र सहसा तिथे पाहते. म्हणून एखादेच संकेतस्थळ प्रत्येक वायफायवर अडत असेल, तर या फाइलमध्ये विसरलेली एखादी ओळ आहे का, ते आधी बघावे.

दुसरा थर १९८३चा. जॉन पोस्टेल यांनी सोपवलेल्या कामातून पॉल मोकापेट्रिस यांनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये डीएनएसचा आराखडा मांडला. एकच यादी ठेवण्याऐवजी ज्याचे क्षेत्र त्यानेच त्याच्या नोंदी सांभाळाव्यात आणि मिळालेले उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवता यावे, ही त्यातली मोठी कल्पना. जाळे एवढे वाढू शकले ते या वाटणीमुळे. जपलेले जुने उत्तर मुदत संपेपर्यंत चुकीच्या दारात नेते, तेही याच थरामुळे. तिसरा थर १९९३च्या डीएचसीपीचा. तोवर नेमसर्व्हरचे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्राचे, आकडे साधारणपणे व्यवस्थापक हाताने भरत असे. डीएचसीपीमुळे जाळ्यात शिरणाऱ्या यंत्राला ते आपोआप मिळू लागले. १९९७मध्ये बिनतारी जाळ्याचे पहिले मानक आले आणि पुढे लॅपटॉप घर, कचेरी, रेल्वे स्थानक असा फिरू लागला. प्रत्येक ठिकाणी नाव कोणाला विचारायचे, हे आता तिथला राउटर सुचवतो आणि लॅपटॉप ते बहुधा मुकाट्याने मानतो. आजची बरीचशी गाऱ्हाणी इथे जन्मतात.

यावर कोणी म्हणेल, गूगलने २००९मध्ये सुरू केलेला ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरने २०१८मध्ये आणलेला १.१.१.१ कायमचा भरून टाकावा, प्रश्न मिटेल. राउटरने दिलेला सर्व्हर बंद पडला असेल, तर हा उपाय लागू पडतो. पण कचेरीतल्या अंतर्गत यंत्रांची नावे बाहेरच्या सर्व्हरला ठाऊक नसतात आणि हॉटेलातले लॉगिनचे पान अनेकदा तिथल्याच नेमसर्व्हरवर अवलंबून असते. तिथे हीच कायमची सेटिंग आडवी येते. शिवाय सगळ्यांनी मोजक्या कंपन्यांनाच विचारायचे ठरवले, तर नोंदी विखुरलेल्या राहूनही कोण काय शोधतो याची माहिती पुन्हा थोड्या हातांत गोळा होते. दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला हा इतिहास कशाला हवा, राउटर बंद करून चालू केला की भागते. अनेकदा भागतेही, कारण राउटरमध्ये अडकलेले काही मोकळे होते. पण कारण न कळता झालेली दुरुस्ती पुढच्या वेळी हाताशी नसते.

थर माहीत असले, की तपासाचा क्रम आपसूक ठरतो. आधी आकड्यांनी पिंग करा, मग दुसऱ्या वायफायवर जोडून पाहा, मग होस्ट्स फाइल, मग जपलेली जुनी उत्तरे आणि शेवटी नेमसर्व्हरचे आकडे. त्या आकड्यांना हात लावण्यापूर्वी आधीची सेटिंग कागदावर उतरवून ठेवा आणि काम झाले की पुन्हा ‘आपोआप’वर आणा; लॅपटॉप उद्या दुसऱ्या जाळ्यात जाणार आहे.